जोडबंगला आणि समाईक भिंत : लंडनच्या पॅडिंग्टन भागातील एक निवासप्रकार व लोकमान्य टिळकांचे हाऊली प्लेस येथील वास्तव्य

प्रस्तावना

लोकमान्य टिळकांच्या १९१८-१९ मधील विलायतेच्या वास्तव्याचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच चिरोल खटल्याकडे, मजूर पक्षाशी जुळलेल्या संबंधांकडे आणि संयुक्त संसदीय समितीपुढील साक्षीकडे जाते. ते लंडनमध्ये राहिले कोठे, याचे उत्तर एका पत्त्यात आटोपते : १०, हाऊली प्लेस, मेडा व्हेल. या घराच्या दर्शनी भागावर लंडन काउंटी कौन्सिलने १९६१ साली निळी स्मृतिचकती बसविली. 'भारतीय देशभक्त व तत्त्वज्ञ' असा टिळकांचा उल्लेख करून ते १९१८-१९ मध्ये येथे राहत होते, एवढीच नोंद तिच्यावर आहे.

हाऊली प्लेस हा पॅडिंग्टन भागातील लहानसा रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो वसला. त्याच्या दुतर्फा मुख्यतः इंग्रजीत 'सेमी-डिटॅच्ड व्हिला' म्हणतात त्या प्रकारची, चुन्या-सिमेंटच्या गिलाव्याने गुळगुळीत केलेली, फिकट रंगाची घरे आहेत. प्रस्तुत लेखात या निवासप्रकाराची घडण, त्यामागील जमीनधारणेची पद्धत आणि तिचा टिळकांच्या वास्तव्याशी असलेला संबंध यांचा विचार केला आहे. घराचे रूप रहिवाशाच्या वा वास्तुशिल्पज्ञाच्या आवडीवर ठरते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. त्या रूपावर आवडीहून अधिक सत्ता घराखालच्या जमिनीच्या हक्काची असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लंडनच्या उदाहरणावरून ते तपासून घेतले, तर जव्हार-मोखाड्यातील घरांकडे पाहण्यासही त्याचा उपयोग होईल असे वाटते.

संज्ञेविषयी

'सेमी-डिटॅच्ड' या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. जाहिरातींत 'ट्विन बंगलो' हा शब्द वापरला जातो. येथे 'जोडबंगला' हा शब्द योजिला आहे. मधली एक भिंत समाईक असलेली, एका छपराखालची, परंतु दोन स्वतंत्र दारांची व दोन स्वतंत्र कुटुंबांची घरे, असा त्याचा अर्थ. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती असलेले ओळीतले घर आणि चारही बाजूंनी मोकळा असलेला स्वतंत्र बंगला, या दोहोंच्या मधली ही अवस्था होय. 'बंगला' हा शब्द मुळात बंगाली धाटणीच्या घरावरून इंग्रजांनी उचलला आणि विलायतेत नेला, तर 'व्हरांडा' हा शब्दही त्यांच्याकडे हिंदुस्थानातूनच गेला. त्यामुळे विलायती घरासाठी 'जोडबंगला' म्हणताना आपण परकी वस्तू फारशी देशी करीत नाही, आपलाच शब्द परत घेतो, असे म्हणावयास हरकत नाही.

पॅडिंग्टनची जमीन

पॅडिंग्टनची बरीचशी जमीन लंडनच्या बिशपच्या धर्मपीठाच्या मालकीची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथे कुरणे व शेते होती. ही जमीन इमारती बांधण्यासाठी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देता यावी, म्हणून १७९५ साली पार्लमेंटने खास कायदा केला. १८०१ मध्ये ग्रँड जंक्शन कालव्याची पॅडिंग्टन शाखा सुरू झाली, १८२० मध्ये रीजंट कालवा पूर्ण झाला, आणि १८३८ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे स्थानक आले. दोन कालव्यांच्या संगमाभोवतीच्या ज्या भागाला आज 'लिटल व्हेनिस' म्हणतात, त्याच्या लगत हाऊली प्लेस आहे.

येथील रस्त्यांची नावे पाहिली, तरी जमीन कोणाची होती हे कळते. रँडॉल्फ, हाऊली आणि ब्लॉमफील्ड हे तिघे १८०९ ते १८५६ या काळात एकामागून एक लंडनचे बिशप होते. विल्यम हाऊली पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. २० जून १८३७ रोजी पहाटे केन्सिंग्टन राजवाड्यात जाऊन राजा चौथा विल्यम निवर्तल्याची व आपण राणी झाल्याची वार्ता अठरा वर्षांच्या व्हिक्टोरियाला देणाऱ्या दोघांपैकी ते एक होते. दुसरे लॉर्ड कनिंगहॅम. व्हिक्टोरियन युगाची पहिली वर्दी देणाऱ्या धर्मगुरूच्या नावाच्या रस्त्यावर, त्या युगातील घरात, ब्रिटिश साम्राज्याने राजद्रोहासाठी दोनदा शिक्षा दिलेला मनुष्य भाड्याने राहिला, हा योगायोगच. त्यातून अधिक अर्थ काढू नये.

पट्ट्याची पद्धत समजून घेणे मात्र आवश्यक आहे. जमीनदार जमीन विकत नसे. तो ती बांधकाम करणाऱ्याला बहुधा ९९ वर्षांच्या मुदतीने देई. बांधकाम करणारा आपल्या भांडवलावर घरे उभारी, वर्षाला ठरावीक भुईभाडे भरी आणि उरलेल्या मुदतीचा पट्टा ग्राहकाला विकी. मुदत संपली की जमीन तर जमीनदाराकडे परत जाईच, शिवाय तिच्यावरचे घरही त्याच्याकडे जाई. ज्या घरासाठी कुटुंबाने आयुष्यभराची कमाई ओतली, ते नातवाच्या हयातीत दुसऱ्याचे होणार, हे सर्वांना ठाऊक असे. त्यामुळे जमीनदाराचे हित घर दीर्घकाळ चांगले टिकण्यात, तर बांधणाऱ्याचे हित ते लवकर विकले जाण्यात असे. या ओढाताणीतून करारात बारीकसारीक अटी येत. भिंतीची जाडी, समोरच्या बागेची खोली, दर्शनी भागाचे रूप यांचे बंधन असेच, शिवाय गिलाव्याला ठरावीक वर्षांनी तेलरंग देण्याचेही असे. आज लिटल व्हेनिसची जी एकसारखी फिकट शुभ्रता पाहून प्रवासी प्रसन्न होतात, तिच्या मुळाशी सौंदर्यदृष्टीपेक्षा करारनाम्यातील कलमे अधिक आहेत.

लाउडनचे जोडघर

जोडबंगला व्हिक्टोरियाच्या काळात बहरला, तरी त्याचा जन्म तिच्या काळातला नाही. हायगेट येथील 'द ग्रोव्ह' या रस्त्यावर १६८८च्या सुमारास जोडीजोडीने बांधलेली सहा घरे आहेत. त्यांपैकी एकात कवी कोलरिज याचे अखेरचे दशक गेले. १७९४ साली सेंट जॉन्स वुड येथील आयर जहागिरीच्या विकासाचा जो नकाशा तयार झाला, त्यात जोडघरांची संपूर्ण वसाहतच कल्पिलेली होती. ती त्या स्वरूपात उभी राहिली नाही. परंतु ओळीतल्या घरांचे लंडन सोडून बागांतल्या घरांचे उपनगर वसविण्याची कल्पना तेथून पुढे गेली.

या प्रकाराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण हाऊली प्लेसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बेजवॉटरमधील पोर्चेस्टर टेरेस येथे आहे. ३ व ५ क्रमांकांचे हे जोडघर जॉन क्लॉडियस लाउडन याने १८२३ ते १८२५ या काळात बांधले. लाउडन (१७८३-१८४३) हा स्कॉटिश उद्यानतज्ज्ञ व लेखक होता. खेड्यातील झोपडीपासून व्हिलापर्यंतच्या घरांचा त्याचा कोश १८३३ साली प्रसिद्ध झाला. १८३८ मधील उपनगरी बागांवरील ग्रंथात त्याने आपल्या या घराची रचना सविस्तर दिली आहे.

रस्त्यावरून पाहणाऱ्यास हे जोडघर एकच प्रशस्त घर वाटते. दर्शनी भागाच्या नेमक्या मध्यावर काचेच्या घुमटाचे वनस्पतिगृह आहे. जेथे मुख्य दार असावे अशी अपेक्षा, तेथे हा घुमट. दोन्ही घरांची खरी दारे एकमेकांपासून शक्य तितकी दूर, दोन बाह्य बाजूंना. दोन घरे वेगळी करणारी भिंत बरोबर घुमटाच्या मागे येते व दिसेनाशी होते. भोवती व्हरांडा आहे. दोन मध्यम आकाराची घरे वेगवेगळी बांधली तर दोन्ही क्षुद्र दिसतात. तीच एकत्र गुंफली तर प्रत्येकाला मोठ्या घराची प्रतिष्ठा लाभते, असा यामागील विचार होता. याच घरात लाउडनने १८२६ पासून उद्यानविषयक मासिक चालविले. १८२५ साली त्याचा उजवा हात कापावा लागला, आणि पुढची सर्व ग्रंथरचना दुसऱ्याच्या हाताने झाली. त्यातील मोठा वाटा त्याची पत्नी जेन हिचा. ती स्वतः कादंबरीकार होती, आणि पुढे स्त्रियांसाठी बागकामावरील पुस्तके लिहून तिने मोठे नाव मिळविले. १८४३ च्या डिसेंबरात लाउडन याच घरात निवर्तला.

लाउडनची युक्ती पुढे हजारो बांधकाम करणाऱ्यांनी उचलली. काचेचा घुमट त्यांना परवडणारा नव्हता, तो गळाला. राहिले ते तत्त्व : मध्यरेषेवर भिंत, तिच्या दोन्ही अंगांस आरशातील प्रतिबिंबासारखे एकसारखे नकाशे, दारे शक्यतो दूर, आणि वर एकच छप्पर. कधी त्या छपरास दोन्ही घरांवर पसरलेला एकच त्रिकोणी शिरोभाग दिला जाई.

भिंत, धुराडी आणि तळघर

जोडबंगल्याची समाईक भिंत ही केवळ खर्च वाचविण्याची सोय नव्हती. थंड हवामानात प्रत्येक खोलीत शेगडी असे, आणि दोन्ही घरांच्या शेगड्या पाठीला पाठ लावून या भिंतीत बसविल्या की धूर एकाच धुराडसमूहातून वर जाई. बाहेरच्या भिंतीत शेगडी असल्यास अर्धी उष्णता वाया जाते, ती येथे शेजाऱ्याच्या उपयोगी पडे. आवाजाचा प्रश्न मात्र राही. पियानोचे शिक्षण ही मध्यमवर्गीय मुलींची अट झालेल्या काळात तो लहान नव्हता. काही नकाशांत यावर उपाय म्हणून जिने व दालने मधल्या भिंतीस लावून बसण्याच्या खोल्या बाहेरच्या बाजूस नेलेल्या आढळतात. अशा वेळी शेगडीची ऊब गमवावी लागे. ऊब की शांतता, असा हा व्यवहार होता.

आग पसरू नये म्हणून लंडनमध्ये समाईक भिंतींवर कायद्याची देखरेख फार जुनी आहे. १६६६ च्या महाआगीनंतर तिला गती आली. १७७४ च्या इमारत कायद्याने घरांच्या प्रतवारीनुसार भिंतींच्या जाड्या ठरवून दिल्या. १८४४ व १८९४ च्या कायद्यांनी ही व्यवस्था पुढे नेली, आणि १९९६ च्या समाईक भिंतींविषयक कायद्याने ती इंग्लंड व वेल्समध्ये सर्वत्र लागू केली. भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्यास लेखी सूचना द्यावी, आणि मतभेद झाल्यास त्रयस्थ पाहणीदाराने निवाडा करावा, असे त्याचे सूत्र आहे.

आतील मांडणी बहुधा ठरलेली असे. अर्धे जमिनीखाली गेलेले तळघर, त्यात स्वयंपाकघर व कोळशाची कोठी. त्यावर उंच जोत्याचा मुख्य मजला, तेथे जेवणाची व बसण्याची खोली. वर निजण्याच्या खोल्या. माळ्यावर नोकरांच्या. ओळीतल्या घरात कोळसा, भाजी, राख, कचरा सर्व काही समोरूनच आणावे-न्यावे लागे. जोडबंगल्यास एक कुशी मोकळी असल्याने तेथून बोळ काढून नोकरचाकरांची ये-जा मालकाच्या दृष्टीआड करता येई. खिडक्या तीन बाजूंना मिळत. काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये, विटांवरील कर १८५० मध्ये आणि खिडक्यांवरील कर १८५१ मध्ये रद्द झाला. हाऊली प्लेससारखे रस्ते भरत होते तो काळ नेमका हाच, हे लक्षात घेतले म्हणजे या घरांच्या मोठ्या खिडक्यांचा उलगडा होतो.

भिंती लंडनच्या पिवळसर विटांच्या. त्यांवरचा गिलावा दगडाचा आभास निर्माण करी. १७९६ मधील पार्करचे रोमन सिमेंट आणि १८२४ मधील आस्पडिनचे पोर्टलँड सिमेंट यांच्या एकस्वांमुळे हा आभास स्वस्त झाला. वीट दगडाचे सोंग घेते, दोन घरे एका घराचे सोंग घेतात, आणि पट्टेदार मालकाचे सोंग घेतो. व्हिक्टोरियन मध्यमवर्गावर ढोंगीपणाचा आरोप करणाऱ्यांना ही घरे नेहमीच सोयीची वाटत आली आहेत. प्रस्तुत लेखकास तो आरोप उथळ वाटतो. कारकून, वकील, पाद्री, निवृत्त अधिकारी यांना मर्यादित उत्पन्नात उजेड, हवा व बागेचा तुकडा देणारी दुसरी रचना त्या काळी उपलब्ध नव्हती. २०२१ च्या जनगणनेतही इंग्लंड-वेल्समधील जवळजवळ एक-तृतीयांश कुटुंबे जोडघरांतच राहत होती, ते उगीच नव्हे.

हाऊली प्लेस, १९१८-१९

टिळक १९१८ च्या ऑक्टोबरअखेर लंडनला पोहोचले. त्याच वर्षी वसंतात कोलंबोहून पुढे जाण्याचा परवाना सरकारने रद्द केला होता. पुढे खटल्याच्या कामासाठी जाण्यास अनुमती मिळाली. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या आपल्या पुस्तकात केलेल्या आरोपांवरून टिळकांनी बदनामीचा दावा लावला होता. १९१९ च्या जानेवारीअखेर न्यायमूर्ती डार्लिंग व ज्युरी यांच्यासमोर त्याची सुनावणी सुरू झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे होते. २१ फेब्रुवारीस निकाल विरुद्ध गेला. टिळक त्यानंतरही नोव्हेंबरपर्यंत इंग्लंडमध्ये राहिले. ऑगस्टमध्ये त्यांनी हिंदुस्थान सरकार विधेयकावरील संयुक्त समितीपुढे साक्ष दिली, काँग्रेसच्या ब्रिटिश कमिटीच्या कामाची घडी नव्याने बसविण्याचा प्रयत्न केला, आणि मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध वाढविले.

हे सर्व ज्या परिसरात राहून केले, त्याचा विचार करण्यासारखा आहे. पॅडिंग्टन-बेजवॉटर हा भाग हिंदुस्थानातून परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा व व्यापाऱ्यांचा म्हणून इतका प्रसिद्ध होता की त्यास विनोदाने 'आशिया मायनर' म्हणत. १९१२ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग मेडा व्हेलमध्ये जन्मला, तेव्हा त्याचे वडील मद्रास इलाख्यातील मुलकी सेवेत होते. म्हणजे ज्या नोकरशाहीशी टिळक आयुष्यभर झुंजले, तिचीच कुटुंबे त्यांच्या आसपास राहत होती.

मग असे घर त्यांना भाड्याने मिळाले कसे? पुन्हा पट्ट्याकडे यावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिलेला ९९ वर्षांचा पट्टा १९१८ मध्ये उतरणीला लागलेला असे. मुदतीची अखेर जवळ येऊ लागली की मूळ कुटुंबे नव्या उपनगरांकडे सरकत, आणि जुनी मोठी घरे सामानासह भाड्याने देणे, खोल्या पाडणे, भोजनगृहे चालविणे सुरू होई. युद्धाने नोकरमाणसे दुर्मिळ केली. तळघरातील स्वयंपाकघर व चार मजल्यांचे जिने नोकरांवाचून चालविणे अशक्य असल्याने ही घसरण वाढली. भाडेकरू ज्या दाराने आत येतो, ते दार पट्टा उतरणीला लागल्यामुळे उघडलेले असते. लंडनमधील अनेक हिंदी विद्यार्थ्यांच्या व पुढाऱ्यांच्या पत्त्यांचा अर्थ या दृष्टीने लावता येईल.

मात्र टिळकांच्या घराचे मोल केवळ उपलब्धतेत नाही. खोलीवजा भाड्याच्या जागेत सल्लागार, पत्रकार, खासदार यांना भेटणे कठीण. जोडबंगल्याचा मुख्य मजला नेमका भेटीगाठींसाठी योजलेला असे. १९१५ च्या जानेवारीत सुरू झालेले वॉरविक अव्हेन्यूचे भुयारी रेल्वेस्थानक काही मिनिटांवर असल्याने मध्य लंडन जवळ आले होते. घराचा दर्जा हा त्यांच्या राजकीय कार्याचा भाग होता, असे अनुमान यावरून करता येते.

तुलनेसाठी लंडनमधील दुसरे दहा क्रमांकाचे घर घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोज हिल येथे राहत. तेही व्हिक्टोरियन, पण ओळीतले घर. दोन्ही अंगांस शेजारी. विद्यार्थी म्हणून त्यांच्या वाट्याला खोली आली होती, घर नव्हे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले व त्याचे स्मारक केले. पुढे काही शेजाऱ्यांनी वर्दळ व आवाजाबद्दल हरकती घेतल्या. निवासी जागा कमी होते या कारणाने कॅम्डनच्या स्थानिक संस्थेने संग्रहालयास परवानगी नाकारली. प्रकरण अपिलात गेले, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. स्मारक उभारतानाही भिंतीपलीकडचा शेजारी विचारात घ्यावा लागतो, हे या प्रकरणात स्पष्ट झाले. उलट श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हायगेटला स्थापिलेल्या व सावरकरांच्या वास्तव्याने गाजलेल्या 'इंडिया हाऊस'ची प्रतिकृती कच्छमधील मांडवी येथे २०१० मध्ये मोकळ्या माळावर उभी राहिली. तेथे इमारत हुबेहूब आहे. पण रस्ता नाही, शेजारी नाही, पट्टाही नाही.

जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

आपल्या परिसरात इतक्या जवळच्या अंतरावर जमीनधारणेच्या दोन व्यवस्था नांदल्या, ही अभ्यासकास मोठीच सोय आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ पर्यंत स्वतंत्र होते. मोखाडा मात्र ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याखालचा पेटा म्हणून थेट इंग्रजी अमलात होता. ही दोन्ही आज १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. जव्हारला गावातील जुना राजवाडा आणि टेकडीवरील, यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जयविलास, असे राजघराण्याचे दोन टप्पे पाहावयास मिळतात. जयविलासची युरोपीय धाटणी डोळ्यांत भरते. ज्याच्या पायाखालची जमीन स्वतःची आहे, त्याला भिंत समाईक ठेवण्याचे कारण पडत नाही.

जोडघराचे खरे नमुने पाहावयाचे तर मोखाड्याहून खोडाळामार्गे कसारा-इगतपुरीकडे जावे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचली. रेल्वेने देशभर कर्मचाऱ्यांसाठी दोन बिऱ्हाडांची, मधली भिंत समाईक असलेली कौलारू क्वार्टरे बांधली. त्यांत व्हरांडा आला, गिलाव्याचे दगडी सोंग गेले आणि स्वयंपाकघर तळघरातून मागच्या अंगणात गेले. घर नोकरीबरोबर मिळे, नोकरीबरोबर जाई. पट्ट्याची मुदत येथे माणसाच्या सेवाकाळाइतकी झाली.

मराठी मुलखात समाईक भिंत बहुतेक वेळा वाटणीतून येते. भावाभावांत वाडा वा घर विभागताना वाटणीपत्रात चतुःसीमा, पागोळीचे पाणी, जाण्यायेण्याची वहिवाट आणि 'मधली भिंत समाईक' असे कलम असते. म्हणजे इंग्रजी जोडबंगल्यात दोन अनोळखी कुटुंबे एक घर असल्याचे भासवितात, तर आपल्याकडे एकाच घरातील माणसे भिंत घालून दोन घरे करतात.

पाड्यांवरील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांच्या पारंपरिक घरांत यांतले काहीच नाही. लाकडी खांब, कारवीचा कूड, त्यावर माती-शेणाचे लिंपण, वर गवत किंवा कौले. घरे सुटी-सुटी असतात. मुलाचा संसार वेगळा झाला की जवळच दुसरे घर उभे राहते, भिंतीला भिंत लागत नाही. येथे घराचे रूप जमिनीपेक्षा जंगलावरील हक्काने ठरले. कारवी, बांबू, ऐन, साग कोणी, किती व कोणाच्या परवानगीने आणावा, यावर कुडाची उंची आणि खांबांची संख्या अवलंबून असे. १८७८ च्या वन कायद्याने इंग्रजी मुलखात राखीव वने आखली गेली, तेव्हा मोखाड्याच्या बाजूस त्याचा अंमल थेट होता. जव्हारात वनावर सत्ता संस्थानाची होती. दोन्हीकडच्या जुन्या घरांतील लाकूडकामात यामुळे फरक पडला काय, हे प्रत्यक्ष मोजमापाने तपासण्याजोगे आहे. त्यास फारसा अवधी उरलेला नाही. घरकुल योजनांतून कुडाची घरे झपाट्याने जात आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने २०१६ पासून घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविले. पक्क्या भिंतीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. ज्याने पावसाळ्यात कूड पुन्हा पुन्हा लिंपला आहे, तो ते नाकारणारही नाही. पण नोंद न करता जुने घर पाडले, तर त्याबरोबर पुरावाही जातो.

अशी नोंद घेताना भूमापनाच्या नव्या साधनांवर विसंबून चालणार नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे मोजमाप होऊन मिळकतपत्रिका दिल्या जातात. ड्रोनला छप्पर दिसते, त्याखालची समाईक भिंत दिसत नाही. ती चौकशीतूनच कळते. गावठाणाबाहेरचे पाडे आणि वनजमिनीवरील घरे यांचा प्रश्न तर याहून वेगळा आहे. त्यांचा आधार २००६ चा वनहक्क कायदा. राहण्यासाठी वा कसण्यासाठी वनजमीन धारण करण्याचा हक्क तो मान्य करतो, कमाल चार हेक्टरांपर्यंत. विवाहिताच्या बाबतीत तो पती-पत्नीच्या संयुक्त नावे नोंदविला जातो. हा हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. हाऊली प्लेसचा पट्टा विकता येई, पण मुदत भरली की संपे. येथील वनपट्ट्यास मुदत नाही, मात्र त्यावर बांधलेले घर बाजारात उभे राहू शकत नाही. त्यामुळे बँकेस तारण म्हणून ते चालत नाही, आणि घर बांधण्यास पैसा उभा करावयाचा तो अनुदानातून, मजुरीतून किंवा नातेवाइकांकडून. पाड्यावरील घरांच्या पाहणीत भिंतींच्या मापांबरोबर हा रकानाही ठेवावा लागेल.